भिंतीवरचं तत्त्वज्ञान खाटेपर्यंत न्यायचं कसं: परिचर्या शिक्षणातली मूल्यं लिहिण्याची आणि शिकवण्याची पद्धत

नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशद्वारापाशी किंवा प्राचार्यांच्या खोलीबाहेर एक चौकट लावलेली असते: तत्त्वज्ञान, ध्येय, उद्दिष्टं. बऱ्याच ठिकाणी हा मजकूर तपासणीच्या आधी घाईने तयार झालेला असतो आणि दुसऱ्या कॉलेजच्या फायलीतून उतरवलेला असतो. विद्यार्थिनी चार वर्षं त्याच्यासमोरून ये-जा करतात आणि त्यातलं एकही वाक्य त्यांना सांगता येत नाही. हा लेख प्राचार्य, पाठ्यनिर्देशिका आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टर यांच्यासाठी आहे. तत्त्वज्ञान नव्याने लिहायचं असेल किंवा जुनं दुरुस्त करायचं असेल तर कसं करावं आणि मुख्य म्हणजे ते वॉर्डातल्या खाटेपर्यंत कसं न्यावं, ते इथे सांगितलं आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवा. तत्त्वज्ञान म्हणजे माणूस, आजार, सेवा आणि शिक्षण यांबद्दल कॉलेज काय मानतं. ध्येय म्हणजे कॉलेजला कुठे पोहोचायचं आहे. उद्दिष्टं म्हणजे बाहेर पडणाऱ्या विद्यार्थिनीला काय करता आलं पाहिजे. ‘आम्ही राज्यातलं अग्रगण्य महाविद्यालय होऊ’ हे ध्येय झालं. ते तत्त्वज्ञानाच्या परिच्छेदात आलं की तिथे रुग्णाऐवजी संस्थाच बोलू लागते.

लिहायला कोण बसणार

एकट्या प्राचार्यांनी लिहू नये आणि वीस जणांची समितीही करू नये. सात ते नऊ माणसं पुरतात: प्राचार्य, दोन पाठ्यनिर्देशिका (त्यांतली एक सामुदायिक आरोग्य शिकवणारी), संलग्न रुग्णालयातली एक परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर), एक अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), गेल्या दोन-तीन वर्षांत पास होऊन नोकरीला लागलेली एक माजी विद्यार्थिनी, सध्याच्या अंतिम वर्षातली एक आणि महिनाभर तरी रुग्णालयात काढलेला एक रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक. हा शेवटचा माणूस बहुतेक समित्या विसरतात. खाटेवर पडून छताकडे बघत असताना परिचारिकेच्या वागण्यातलं काय लागतं आणि काय खुपतं, ते त्यालाच ठाऊक असतं.

दोन-दोन तासांच्या तीन बैठका ठेवा. पहिल्या बैठकीत चर्चा नको. प्रत्येकाला पाच कोरी कार्डं द्या आणि पाच वाक्यं पूर्ण करायला सांगा: माणूस म्हणजे…, आरोग्य म्हणजे…, परिसर म्हणजे…, परिचर्या म्हणजे…, शिकणं म्हणजे… यांतल्या पहिल्या चार संकल्पना परिचर्येच्या सिद्धांताचा पायाच आहेत, त्या टाळून तत्त्वज्ञान लिहिता येत नाही. पाचवी शिक्षणसंस्थेसाठी. कार्डांवर नाव नको, नाहीतर सगळे प्राचार्यांच्या मताकडे झुकतात.

कार्डं वाचताना मतभेद वर येतात आणि ते येऊ द्यावेत. उदाहरणार्थ ‘परिचर्या म्हणजे डॉक्टरांचे आदेश पाळणं’ असं एखाद्या कार्डावर हमखास निघतं. त्यावर अर्धा तास खर्च करा. अमेरिकी परिचारिका व्हर्जिनिया हेंडरसन यांनी परिचर्येची जी व्याख्या केली तिचा गाभा असा: बळ, इच्छा किंवा माहिती असती तर माणसाने स्वतःसाठी जे केलं असतं ते करायला त्याला मदत करणं, आणि तेही त्याला लवकरात लवकर आपल्या पायावर उभं करण्याच्या रीतीने. त्यांनी श्वासापासून शिकण्यापर्यंतच्या 14 मूलभूत गरजा सांगितल्या. त्या यादीत सगळं माणसाच्या बाजूने मांडलेलं आहे. डॉक्टरांचे आदेश या चौदांना पूरक आहेत, त्यांच्या जागी ते येत नाहीत. एवढं एक वाक्य समितीत पक्कं झालं की पुढचा अर्धा मजकूर आपोआप सुटतो.

मजकूर रिकाम्या पाटीवर लिहायचा नाही, हेही ध्यानात असू द्या. भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमाला स्वतःचं तत्त्वज्ञान आहे. आरोग्य आणि स्वास्थ्य (हेल्थ आणि वेलनेस) या दोन संकल्पना ते मूलभूत मानतं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाशी ते स्वतःला जोडतं. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता 1953 साली पहिल्यांदा स्वीकारली गेली आणि 2021 मध्ये सुधारली गेली, तीही समोर ठेवा. कॉलेजचं तत्त्वज्ञान यांच्याशी विसंगत असू नये, पण त्यांची नक्कलही नसावी. नंदुरबारच्या कॉलेजला पावरी-भिली बोलणारा रुग्ण, गडचिरोलीच्या कॉलेजला गोंडी-माडिया बोलणारा आणि मेळघाटाजवळच्या कॉलेजला कोरकू बोलणारा रुग्ण रोज भेटतो. ‘सांस्कृतिक विविधतेचा आदर’ या तीन शब्दांनी तिथे काम भागत नाही. ‘आमची प्रत्येक विद्यार्थिनी पहिल्या सहा महिन्यांत रुग्णाच्या बोलीतली तीस वाक्यं शिकेल: कुठे दुखतं, केव्हापासून, पाणी हवं का, घाबरू नका’ असं लिहिलं तर भागतं.

प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न

दुसऱ्या बैठकीत अडीचशे ते तीनशे शब्दांचा मसुदा तयार करा. यापेक्षा लांब मजकूर कोणी वाचत नाही. मग एकेक वाक्य घ्या आणि विचारा: हे वॉर्डात कोणत्या कृतीत दिसेल? ते कोण, कोणत्या तासाला शिकवणार? आणि ते मोडलं तर आपण काय करणार? तिन्हींना उत्तर नसेल तर वाक्य काढा, कितीही सुंदर असलं तरी.

‘रुग्णाच्या सर्वांगीण गरजांची पूर्तता करणे’ हे वाक्य घ्या. पहिल्याच प्रश्नाला ते अडखळतं, कारण सर्वांगीण गरज डोळ्यांना दिसत नाही. त्याच अर्थाचं, पण धरता येईल असं वाक्य: ‘रुग्णाला हात लावण्याआधी आपण काय करणार ते त्याला समजेल अशा भाषेत सांगू आणि त्याच्या होकाराची वाट पाहू.’ हे वॉर्डात दिसतं, लॅबमध्ये शिकवता येतं आणि मोडलं तर इन्स्ट्रक्टरला तिथल्या तिथे थांबवता येतं.

‘वाट पाहू’ हे दोन शब्द मुद्दाम आहेत. बहुतेक विद्यार्थिनी सांगतात जरूर, पण सांगता सांगता हात पुढे गेलेला असतो.

तिसऱ्या बैठकीत मसुदा पहिल्या वर्षाच्या दहा मुलींना मोठ्याने वाचून दाखवा, मराठीतून. ‘यातलं काय कळलं’ असं विचारू नका, त्याला ‘सगळं’ हेच उत्तर येतं. ‘या वाक्याचं वॉर्डातलं एक उदाहरण सांग’ असं विचारा. उदाहरण न सुचलेलं वाक्य पुन्हा लिहा. अंतिम मजकूर इंग्रजीसोबत मराठीतही छापा. एएनएम आणि जीएनएम या पदवीखालच्या अभ्यासक्रमांच्या अनेक मुली मराठी माध्यमातून आलेल्या असतात. मूल्यं परक्या भाषेत पाठ करायला लावली की ती पाठच राहतात.

वीस तास पुरणार नाहीत

2020 च्या नियमांनुसार बी.एस्सी. नर्सिंग आठ सत्रांचं झालं. त्यात चौथ्या सत्रात व्यावसायिकता, मूल्यं आणि नीतिशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, एका श्रेयांकाचा (क्रेडिटचा), 20 तासांचा. विषय चांगला आहे आणि तो नीट शिकवावाच. पण विद्यार्थिनी वॉर्डात पाऊल ठेवते पहिल्या सत्रात. चौथं सत्र येईपर्यंत तिने किती तरी रुग्णांना हात लावलेला असतो आणि वॉर्डात कसं वागायचं ते ती सिनियरांकडून शिकून मोकळी झालेली असते. म्हणून मूल्यं वेगळ्या तासात बसवण्यापेक्षा रोजच्या कामात बसवावी लागतात. पुढे दोन कामं जवळून पाहू: अंग पुसणं आणि टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेणं. दोन्ही पहिल्या वर्षातली, दोन्ही सगळ्यात साधी मानलेली. कॉलेजचं खरं तत्त्वज्ञान नेमकं इथेच उघडं पडतं.

स्पंज बाथ: प्रतिष्ठा शिकवण्याची जागा

वेळेपासून सुरुवात करा. डॉक्टरांचा राउंड नऊ-दहाच्या सुमारास असेल तर स्पंज साडेआठच्या आत संपवा किंवा राउंडनंतर घ्या. मध्येच घेतला तर अर्धं अंग उघडं असताना पाच-सहा माणसं पडद्यातून आत येतात आणि विद्यार्थिनी गडबडून बाजूला होते. त्या क्षणी रुग्णाची जी अवस्था होते तिला विद्यार्थिनी जबाबदार नसते. वेळापत्रक जबाबदार असतं.

सामान आधीच पूर्ण जमवा: दोन बेसिन, अंगासाठी दोन-तीन आणि खालच्या भागासाठी वेगळं असं पुसायचं कापड, साबण, दोन टॉवेल, पांघरायची चादर, स्वच्छ कपडे, वापरलेल्या पाण्याची बादली. अर्ध्यावर टॉवेल आणायला पळावं लागलं की रुग्ण ओला आणि उघडा राहतो. बेसिनमधलं पाणी 43 ते 46 अंश सेल्सिअस असावं. लॅबमध्ये तापमापक बुडवून हे आकडे बघायला लावा, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला ते पाणी कसं लागतं याची आठवण तयार होते. वॉर्डात मनगटाने पाहा आणि मग रुग्णाच्या हातालाही थोडं लावून विचारा. ज्याला बोट हलवता येतं त्याने स्वतःच्या अंगावरचं पाणी स्वतः ठरवावं.

आता बोलणं. लॅबमध्ये बाहुलीवर सराव करतानाही ही वाक्यं मोठ्याने म्हणायला लावा, मनात म्हटलेली चालणार नाहीत: ‘आजी, मी नर्सिंगची विद्यार्थिनी, दुपारपर्यंत तुमच्याजवळ आहे. अंग पुसून देऊ का? गार वाटलं, दुखलं तर लगेच सांगा.’ आणि मग थांबा. आजी ‘नको बाई आत्ता’ म्हणाल्या तर अर्ध्या तासाने पुन्हा विचारा आणि नकार नोंदवा. ‘आता घ्यायचाच आहे, सिस्टर रागावतील’ हे वाक्य इन्स्ट्रक्टरच्या कानावर पडलं तर त्याच दिवशी त्यावर बोला. रुग्ण बेशुद्ध असेल तरी बोलणं तसंच ठेवा. ऐकू येत नाही असं गृहीत धरायचा अधिकार आपल्याला नाही.

पडदा ओढल्यावर विद्यार्थिनीने बाहेर येऊन एकदा पाहावं. फट बहुधा पायथ्याशी राहते, आणि ती आतून दिसत नाही. एका वेळी एकच भाग उघडा. डोळे साबणाशिवाय, नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला कापडाची वेगळी बाजू. हात आणि पाय टोकाकडून वर हृदयाच्या दिशेने. पाणी गढूळ झालं, साबणाळलं किंवा निवलं की बदला, आणि खालच्या भागाआधी तर बदलाच. स्त्रीरुग्णाला पुढून मागे पुसा, म्हणजे शौचमार्गाकडचे जंतू मूत्रमार्गाकडे जात नाहीत. हे सगळं प्रोसिजर बुकात असतं. गळ्यातल्या तुळशीच्या माळेचं मात्र नसतं. वारकरी माणसाची माळ पुसताना अडते म्हणून काढायची नाही, बाजूला सरकवून खालची त्वचा कोरडी करायची. मंगळसूत्र, ताईत, हातातला धागा यांचंही तेच. ऑपरेशनला नेताना काढावंच लागलं तर कारण सांगून, नातेवाईकाच्या हातात देऊन, सही घेऊन.

पाठीला आलात की दोन मिनिटं जास्त द्या. माकडहाड, टाचा, कोपर, खांद्याचं हाड, आडवं पडून असलेल्या रुग्णाच्या डोक्याची मागची बाजू पाहा. लालसर ठिकाणी बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर लाली जात नसेल तर बेडसोरची सुरुवात झाली आहे. पुस्तकातली चित्रं बहुतेक गोऱ्या त्वचेची असतात, सावळ्या आणि काळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. म्हणून हाताने तपासायला शिकवा: शेजारच्या भागापेक्षा ही जागा गरम किंवा गार, कडक किंवा मऊसर लागते का, रुग्ण तिथे दुखतं म्हणतो का. लाल जागा स्पिरिट लावून चोळायची जुनी सवय अजून काही वॉर्डांत दिसते. ती बंद करायलाच हवी. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते आणि चोळण्याने आधीच दाबलेल्या ऊतींना आणखी इजा होते. दर दोन तासांनी कूस बदला, टाच गादीवरून उचललेली ठेवा आणि नोंद करा.

परिचर्येचं तत्त्वज्ञान म्हणजे काय असं विद्यार्थिनी विचारते तेव्हा मुंबईतल्या केईएम रुग्णालयाकडे बोट दाखवावं. 1973 साली त्याच रुग्णालयात हल्ला झालेल्या अरुणा शानबाग या परिचारिकेची तिथल्या परिचारिकांनी 2015 पर्यंत, 42 वर्षं, पिढ्या बदलत शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात या सेवेची आदराने दखल घेतली. ती सेवा म्हणजे रोज भरवणं, रोज पुसणं, रोज कूस बदलणं. आपण पहिल्या वर्षाला शिकवतो तीच कामं.

टीपीआरचा तक्ता: खरेपणा शिकवण्याची जागा

कोणत्याही वॉर्डातले दहा केसपेपर उघडून श्वसनाचा रकाना वाचा. दहापैकी नऊ ठिकाणी 18 किंवा 20 लिहिलेलं आढळलं तर ते मोजलेलं नाही, भरलेलं आहे. आणि श्वसनाचा वेग ही रुग्ण बिघडू लागल्याच्या सर्वांत आधी दिसणाऱ्या खुणांपैकी एक असते. 20 वरून 28 वर गेलेला श्वास कोणी मोजलाच नाही तर पुढचे सहा तास हातातून जातात.

यावर मुलींना खोटं बोलू नका असं भाषण दिलं तर काही बदलत नाही. हिशेब मांडा. एका रुग्णाची नाडी पूर्ण एक मिनिट, श्वास पूर्ण एक मिनिट, रक्तदाबाला दोन मिनिटं, तापमापक आणि हात निर्जंतुक करणं (हँड रबने 20 ते 30 सेकंद), नोंद, दोन शब्द बोलणं. सहा मिनिटं होतात. तीस रुग्णांना तीन तास. आणि मुलीला सांगितलेलं असतं, ‘आठ ते नऊ टीपीआर उरकून घे.’ म्हणजे तिला खोटं लिहायला आपणच लावतो आणि मग नीतिशास्त्राच्या तासाला सचोटी शिकवतो. ती दोन-तीन वेळा भरून बघते, कोणी विचारत नाही, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तिला त्यात काही वावगं वाटत नाही.

दुरुस्ती वेळापत्रकात आहे. कामं वाटण्याऐवजी रुग्ण वाटा. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण धरा: त्या तिघांचं टीपीआर, औषधं, जेवण, स्पंज, नोंदी, सगळं तिचं. तीन रुग्णांचं टीपीआर वीस मिनिटांत प्रामाणिकपणे होतं. यावर वॉर्डातून तक्रार येईल, कारण मुली टीपीआर काढून देतात हे गृहीत धरून स्टाफची ड्यूटी लागलेली असते. अधिसेविका (मेट्रन) आणि प्राचार्यांनी सत्र सुरू होण्याआधी एकत्र बसून हे लेखी ठरवावं. पोस्टिंग सुरू झाल्यावर इन्स्ट्रक्टरने वॉर्डात वाद घालून ते होत नाही.

दुसरं, इन्स्ट्रक्टरने रोज न सांगता दोन रुग्णांचा श्वास विद्यार्थिनीसोबत मोजावा. नाडी धरल्याचं भासवत, रुग्णाचा हात त्याच्याच छातीवर किंवा पोटावर ठेवून मोजायचा, कारण श्वास मोजतात हे कळलं की माणूस तो बदलतो. दोघींचे आकडे चार-पाचने वेगळे आले तर ओरडायचं नाही, पुन्हा मोजायचं.

तिसरं, ‘घेतलं नाही’ लिहायची मुभा द्या. रुग्ण एक्स-रेला गेला होता, वेळ पुरला नाही, रुग्णाने नको म्हटलं: कारणासह रिकामा रकाना हा पूर्ण गुणांचा आणि बनवलेला आकडा शून्याचा, हे पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा. रिकाम्या रकान्यावर एकदा जरी रागावलात तरी पुढचे सगळे रकाने भरलेले मिळतील.

बोलायला शिकवणं

तत्त्वज्ञानात ‘रुग्णाचा कैवार घेणे’ असं वाक्य असतं. त्याचा अर्थ असा की वयाने, पदाने मोठ्या माणसाला, भर वॉर्डात, ‘थांबा’ म्हणता आलं पाहिजे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे न बोलणं हा संस्कार आहे, त्यामुळे हे उपदेशाने येत नाही. तयार वाक्यं द्यावी लागतात आणि ती जिभेवर बसवावी लागतात.

पोटॅशियम क्लोराइडचं (केसीएल) उदाहरण घ्या. 15 टक्क्यांची 10 मिलिलिटरची अँप्यूल, म्हणजे 20 मिलिइक्विव्हॅलंट. ती सलाइनमध्ये मिसळून सावकाशच द्यायची, थेट शिरेत सिरिंजने दिली तर हृदय थांबतं. आणि ती दिसायला डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखी असू शकते. लॅबमध्ये एकीला स्टाफ नर्स करा, तिच्या हातात भरलेली सिरिंज द्या, दुसरी विद्यार्थिनी. तिने तीन पायऱ्या म्हणायच्या:

‘सिस्टर, एकदा लेबल बघूया का?’

दुर्लक्ष झालं तर, ‘सिस्टर, मला शंका आहे, हे केसीएल असावं.’

तरीही हात पुढे गेला तर, ‘सिस्टर, थांबा. रुग्णाला धोका आहे.’ आणि इन्स्ट्रक्टर किंवा परिसेविकेला हाक.

स्टाफ नर्सची भूमिका करणारीने दोनदा खरोखर झिडकारलं पाहिजे: ‘तू शिकायला आलीस ना?’ तिसरी पायरी बहुतेकींच्या घशातच अडकते. ती पाच-सहा वेळा म्हणवून घ्या. सत्रात एकदा पुरत नाही, प्रत्येक नव्या पोस्टिंगच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं ठेवा. विद्यार्थिनीची शंका चुकीची निघाली तरी तिचे आभार माना, सगळ्यांसमोर. तिला हसलं गेलं तर ती पुढच्या वेळी गप्प बसेल, आणि पुढच्या वेळी तिची शंका बरोबर असेल.

विद्यार्थिनीच्या हातून औषधाची चूक झाली तर क्रम ठरलेला असू द्या: आधी रुग्ण, मग लगेच सिस्टर आणि डॉक्टरांना कळवणं, मग निरीक्षण, मग त्याच ड्यूटीत लेखी नोंद. कारणांची चर्चा दुसऱ्या दिवशी, कारण त्या दिवशी तिचे हात थरथरत असतात. जिने चूक स्वतःहून सांगितली आणि जिची चूक नंतर सापडली, या दोघींना एकच शिक्षा देऊ नका. तशी दिली की कॉलेजमध्ये चुका सांगणं थांबतं, चुका मात्र होत राहतात.

गोपनीयतेबद्दल थोडक्यात, पण ठाम: रुग्णाचा फोटो, केसपेपर, एक्स-रे, नवजात बाळाचा ‘गोड’ फोटोसुद्धा विद्यार्थिनीच्या मोबाइलमध्ये नको, स्टेटसवर तर नकोच. केस स्टडीत नाव-गाव न लिहिता वय आणि लिंग एवढंच. ‘एचआयव्हीवाली’, ‘बेड चौदा’, ‘शुगरचा पेशंट’ या हाका वॉर्डात बंद करा. एचआयव्हीची माहिती केसपेपरवर लाल अक्षरांत लिहिणं किंवा ड्यूटी ओव्हर देताना इतर रुग्णांना ऐकू जाईल अशी सांगणं हा केवळ असभ्यपणा नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक केलं आहे आणि उपचारातला भेदभावही बेकायदेशीर ठरवला आहे.

पोस्ट कॉन्फरन्स आणि गुण

ड्यूटी संपल्यावर आठ-दहा जणींच्या गटाला अर्धा तास. तो बहुधा लॉगबुकवर सह्या करण्यात जातो. सह्यांना वेगळी वेळ द्या. इथे तीनच प्रश्न: आज रुग्णाच्या बाबतीत मनाला काय टोचलं? त्या वेळी तू काय केलंस? उद्या तसंच झालं तर काय करशील? रोज दोघींनी सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पहिला मृत्यू पाहिलेल्या मुलीला तिच्या पाळीची वाट पाहायला लावू नका, त्या दिवशी तिच्यापासून सुरुवात करा. रडू आलं तर येऊ द्या. ‘नर्सने रडायचं नसतं’ असं इथे कोणी म्हणू नये.

परीक्षेत ज्याला गुण नाहीत ते कोणी शिकत नाही. प्रोसिजरच्या 25 गुणांच्या तपासणी यादीत किमान 8 गुण वागण्याला ठेवा, आणि तेही मोजता येतील असे: स्वतःची ओळख दिली, होकाराची वाट पाहिली, पडदा बाहेरून तपासला, एका वेळी एकच भाग उघडला, रुग्णाशी थेट बोलली (नातेवाईकाशी त्याच्याबद्दल नव्हे), निघताना घंटा किंवा पाणी हाताशी ठेवलं. ‘सहानुभूती: 5 पैकी 4’ असा रकाना ठेवू नका. तो परीक्षकाच्या मर्जीवर भरला जातो आणि हसतमुख मुलीला जास्त गुण मिळतात. तीन चुका मात्र थेट नापास करणाऱ्या असाव्यात: रुग्णाची ओळख न पटवता औषध देणं, होकाराशिवाय अंग उघडं करणं, न घेतलेली नोंद लिहिणं.

विद्यार्थिनीशी आपण कसं वागतो

ज्या मुलीला वॉर्डात रुग्णांसमोर ‘अक्कल आहे का’ म्हटलं जातं, जिला पाळी असताना आठ तास बसायची परवानगी नसते, जिच्या वसतिगृहाच्या खोलीला कडी नाही, तिला आपण रुग्णाची प्रतिष्ठा शिकवत असतो. ती शब्दांपेक्षा वागणं उचलते. म्हणून तत्त्वज्ञानात शिक्षक-विद्यार्थी नात्याबद्दल एक तरी वाक्य हवं आणि त्यालाही तेच तीन प्रश्न लावायला हवेत. काही गोष्टी लगेच करता येतात. चूक रुग्णापासून दूर, स्टोअररूममध्ये किंवा ड्यूटीरूममध्ये सांगा, धोका असेल तेव्हाच खाटेपाशी थांबवा. पुरुष वॉर्डात मुलगी आणि स्त्रियांच्या वॉर्डात ब्रदर एकटे पाठवू नका, नाजूक कामाला जोडीने पाठवा. रुग्णाने किंवा नातेवाईकाने गैरवर्तन केलं तर कोणाला, किती मिनिटांत सांगायचं ते नाव आणि फोननंबरसह विद्यार्थिनीच्या खिशातल्या कार्डावर असू द्या. एका इन्स्ट्रक्टरकडे दहापेक्षा जास्त विद्यार्थिनी देऊ नका. अकराव्या मुलीकडे लक्ष जात नाही, आणि ती नेमकी घाबरट असते.

मामा आणि मावशींनाही (वॉर्डबॉय आणि आया) वर्षातून एकदा पोस्ट कॉन्फरन्सला बोलवा. मृतदेह बांधताना कोणती मुलगी हळू हात लावते आणि कोणती घाई करते, ते त्यांनी पाहिलेलं असतं.

तत्त्वज्ञानाचा मजकूर दर तीन वर्षांनी पुन्हा समितीपुढे ठेवा. त्याआधी अंतिम वर्षाच्या मुलींना कागद देऊन विचारा: यातलं कोणतं वाक्य तुम्ही वॉर्डात एकदाही घडताना पाहिलं नाही? नावं नकोत. ज्या वाक्यावर सगळ्यात जास्त खुणा येतील, त्याच्यापासून पहिल्या बैठकीची सुरुवात करा.